सिन्नर ते सिन्नर : घाटमाथ्याची एक दिवसाची फेरी



"पत्रिकेत दर वेळी तेच. लागण, खोडवा, पाचट, हुमणी. कधी कुठं बाहेर जाऊन आल्याचं काही छापा की!" अशी तक्रार मागल्या वार्षिक सभेच्या मांडवात आमच्या कानावर आली. तक्रार करणारे सभासद जुने, वयाने वडील, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. आम्ही तेव्हाच म्हणालो, "तात्या, तुम्ही चला, मग छापतो." ते लगेच हो म्हणाले. त्यांचा आणखी एक मतलब होता तो पुढे कळेल.

गणपती उठले होते, दसऱ्याला अवकाश होता. बॉयलर पेटायच्या आधीचे हे दिवस आपल्याला जरा मोकळे असतात. ऊस उभा, तोडीला वेळ, बाजरी कणसात आलेली. अशा दिवसांत आम्ही सहा जण एका बोलेरोत बसून सिन्नरहून निघालो आणि रात्री सिन्नरला परत आलो. गेलो घोटीच्या रस्त्याने, आलो अकोले-ठाणगावच्या रस्त्याने. दोनशे किलोमीटरच्या आसपास चाक फिरले. महाबळेश्वर नाही, उटी नाही. पण एवढ्या अंतरात जितक्या तऱ्हेचा मुलूख डोळ्यांखालून गेला तितका आम्ही दूरच्या सहलीतही पाहिलेला नाही.

पहाटे सहाला गोंदेश्वराला नमस्कार करून निघालो. यादवांच्या काळातले हे पंचायतन मंदिर आपल्या गावात आहे म्हणून आपण त्याच्याकडे फारसे बघत नाही. परगावची माणसे येऊन तासन्तास फोटो काढतात. त्याच्या शिखराची घडण ध्यानात ठेवा, पुढे एका ठिकाणी तिची गाठ पडणार आहे.

सिन्नर सोडले तेव्हा दोन्ही बाजूंना आपला नेहमीचा देखावा : बाभळी, लिंब, कांद्याची रोपे, बाजरी, मधूनच टोमॅटोचे तारकाठीचे प्लॉट. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पांढुर्ली गेली आणि पहिला भाताचा तुकडा दिसला. एकच. नंतर दोन, नंतर चार. घोरवडचा घाट ओलांडला तशी बाजरी मागे पडली ती पडलीच. तात्या काचेतून बोट दाखवीत होते, "हे बघा, इथं पाऊस बदलला." आणि खरोखर तसेच होते. पावसाची हद्द कागदावर आखता येणार नाही, पण पिकांवरून ती बांध दिसावा तशी दिसते.

भरवीरजवळ समृद्धी महामार्गाचा फाटा लागतो. शिर्डी ते भरवीर हा टप्पा २०२३ च्या मे महिन्यात सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडल्यावर नागपूर ते मुंबईजवळपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वरून गाड्या सुसाट जात होत्या. त्या रस्त्याने गेले तर इगतपुरी केव्हा आली तेही कळत नाही. आम्हाला ते नको होते. आम्ही खालचाच रस्ता धरला, आणि घोटीकडे न जाता भंडारदऱ्याच्या दिशेला वळलो.

घोटीबद्दल मात्र एक वाक्य लिहिलेच पाहिजे. आपल्या घरात इंद्रायणी तांदूळ येतो त्यातला पुष्कळसा घोटीच्या गिरण्यांतून भरडून निघतो. आपल्याला साखरेची बाजारपेठ तशी इगतपुरी तालुक्याला भाताची.

वासाळीच्या पुढे कळसूबाई समोर उभी राहिली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. ढगाने डोके झाकून घेतले होते. पायथ्याचे गाव बारी. तिथे चहाला थांबलो. वर जायला लोखंडी शिड्या आहेत, नवरात्रात देवीची यात्रा भरते. आमच्यातले दोघे चढायला तयार होते, पण तात्यांचे गुडघे आणि घड्याळ दोन्ही बघून बेत रहित केला. चहावाल्याने कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. इंदोऱ्यात एका घरी कामाला राहिली ती अट घालून : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी पाहुणे आले आणि घरच्यांनी तिला तेच काम करायला लावले. तिने ते केले आणि डोंगर चढून गेली, पुन्हा खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. आम्ही ही गोष्ट आधीही ऐकली होती. पण डोंगराच्या पायथ्याशी, गार वाऱ्यात, ज्याच्या आजीपणजीने ती सांगत आणली त्याच्या तोंडून ऐकणे वेगळे.

बारीला आणखी एक गोष्ट उमगली. हा डोंगर म्हणजे पाण्याचा बांध आहे. याच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस दारणेच्या खोऱ्यात जातो. खुद्द दारणा कळसूबाईच्याच रांगेतल्या कुलंगच्या उतारावर उगम पावते. दारणा धरण १९१६ सालचे. आणि कडव्याचे पाणी कालव्याने आपल्या सिन्नर तालुक्यात उतरते. दक्षिण अंगाला पडलेला थेंब प्रवरेला मिळतो, तो भंडारदऱ्यात साठतो आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातो. शेवटी दोन्ही थेंब गोदावरीत. दारणा निफाडच्या बाजूला मिळते, प्रवरा नेवाशाजवळ प्रवरासंगमला. तिथून खाली पैठणचे जायकवाडी. समन्यायी वाटपाचा जो कायदा २००५ साली झाला आणि ज्याच्या आधारे टंचाईच्या वर्षी आपल्या वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडतात, त्या साऱ्या भांडणाचा वरचा टोक हा. कोर्टकज्जे खाली होतात, पाऊस इथे पडतो.

इथेच तात्यांचा मतलब बाहेर आला. त्यांची चार एकर जमीन चारीच्या शेवटाला. आवर्तन सुटले की वरचे आधी भिजवतात, यांच्यापर्यंत पाणी पोचेतो चारी आटलेली असते. गेली कितीतरी वर्षे ते "वरच्यां"ना शिव्या घालीत आले आहेत. "म्हटलं, एकदा पार वरपर्यंत जाऊन बघावं," ते म्हणाले, "शेवटी सगळ्यात वरचा आहे तरी कोण!"

शेंडी म्हणजे भंडारदऱ्याचे गाव. धरणाची भिंत पाहून आमच्यातला एक तरुण सभासद, जो सिव्हिलचा डिप्लोमा करून आला आहे, गप्पच झाला. १९१० साली काम सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. लेस्ली विल्सन या गव्हर्नरचे नाव धरणाला दिले, पाण्याला ऑर्थर हिल यांचे. शंभरीला टेकलेली ही भिंत दगडाची आहे, उंची ऐंशी मीटरच्या वर, आणि पोटात अकरा टीएमसी पाणी. विसर्ग चालू होता म्हणून भिंतीखालचा अंब्रेला धबधबाही उघड्या छत्रीसारखा दिसला. गर्दी मात्र फार. पोरे मोबाईल हातात धरून पार काठापर्यंत जातात. असो.

ऊस पिकवणाऱ्या माणसाने या भिंतीपुढे दोन मिनिटे उभे राहावे असे आम्हाला वाटते. हे पाणी ओझरच्या बंधाऱ्यातून डाव्या-उजव्या कालव्यांना गेले, त्यावर आधी खासगी कारखाने निघाले. त्याच कालव्याच्या मुलखात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळांनी पाठबळ दिले, आणि १९५० च्या अखेरीस लोणीला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. आपण आज जे सभासद म्हणवतो, शेअर सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावतो, त्या रीतीचा उगम लोणीत म्हणतात. आम्ही तर म्हणू, उगम इथे, या भिंतीपाशी आहे.

शेंडीपासून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. साऱ्या फेरीतला सर्वांत देखणा भाग हाच, आणि रस्ताही सर्वांत खराब हाच. खड्ड्यांबद्दल अधिक लिहीत नाही, ज्याला कमरेचा त्रास आहे त्याने मधल्या सीटवर बसावे. पण काय ते हिरवेपण! पठारांवर सोनकी फुललेली, हळद सांडावी तशी. डावीकडे पाणी, उजवीकडे डोंगर, डोंगरावरून दोरे सोडावेत तसे ओहोळ. भात पोटरीतून बाहेर पडत होता. काठावर नागली आणि वरई, उतारावर खुरासणी. अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही किल्ले धुक्यात मध्येच दिसत आणि मध्येच जात. या बाजूला डांगाण म्हणतात. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ सालापासून. मे-जूनच्या संधिकाळात झाडे काजव्यांनी लखलखतात तो हाच भाग.

रस्त्यात गुरे आडवी आली आणि गाडी थांबवावी लागली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आटोपशीर बांधा. डांगी! आमच्यातले दोघे उतरलेच. या जातीच्या कातडीतून एक तेलकट स्राव येतो, त्यामुळे धो धो पावसातही गुरे आजारी पडत नाहीत. खूर काळे आणि दगडासारखे टणक. आपल्याकडे खिलारी जशी उन्हाळ्याची, तशी ही पावसाळ्याची जात. दर वर्षी राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, ज्यांना बैलांचा शौक उरला आहे त्यांनी चुकवू नये. तात्यांनी एका गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवून हाताचा वास घेतला आणि म्हणाले, "खरंच की, तेल!"

घाटघरला पोचलो तेव्हा बारा वाजले होते आणि फोनची रेंज गेली होती. इथे पाऊस किती? पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आपल्या दहापट. नगरचे चेरापुंजी म्हणतात ते उगीच नव्हे (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण म्हण जुनीच चालू आहे). सह्याद्री इथे एकदम संपतो. कोकणकड्याच्या कठड्याशी उभे राहिलो तर खाली ढग, ढगांखाली ठाणे जिल्हा. वारा इतका की टोपी धरून बोलावे लागे.

इथला वीजप्रकल्प पाहण्यासारखा आहे. आत सोडत नाहीत, बाहेरून मात्र अंदाज येतो. वर घाटघरला एक तलाव, खाली कोकणात चोंढ्याला दुसरा, मधे सुमारे चारशे मीटरचा उतार. विजेला मागणी जास्त तेव्हा वरचे पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात. रात्री मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर. २००८ पासून हे चालू आहे. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे यांना पण रात्रीचीच लाईट!" गाडीत हशा पिकला. आपल्यापैकी ज्यांनी थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारे धरली आहेत त्यांना या हशाचा अर्थ सांगायला नको.

जेवण एका वाडीत सांगून ठेवले होते. तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, भात. घरच्या मावशी वाढत होत्या. बाहेर पाऊस पडून गेला होता, पन्हाळीखाली पिंप भरून वाहत होते. तात्यांनी बोलायचे म्हणून म्हटले,

"मावशी, तुमचं बरं आहे. पाण्याला काही तोटा नाही."

"आत्ता न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही चैतात या."

"म्हणजे? उन्हाळ्यात टंचाई?"

"झऱ्यावं जावं लागतं. वाटी-वाटीनं हंडा भरायचा. रातीला नंबर लावून बसायचं."

"अहो, पण समोर एवढं धरण!"

"ते खाली हाये. आन् उन्हाळ्यात लई खाली जातं. चढ चढून डोक्यावं किती आणायचं? दोन हंडे येत्यात एका खेपंला."

त्या हे तक्रारीने बोलत नव्हत्या. भात आणखी घ्या म्हणाव्यात तशा सुरात बोलत होत्या, आणि भात वाढतही होत्या. पाऊस सगळा कातळावरून वाहून जातो, जमिनीत मुरायला मातीच नाही. चार महिने पूर आणि मार्गशीर्षानंतर झरे बारीक होतात. भात काढला की घरातली तरुण माणसे नारायणगावच्या बाजूला नाहीतर द्राक्षांच्या छाटणीला जातात. सून तिकडेच होती. मावशींनी विचारले, "तुमच्याकडं काय पिकतं?" तात्या म्हणाले, "ऊस." त्या म्हणाल्या, "हां, त्याला लई पाणी लागत असंल." तात्यांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. एरवी तात्या जेवताना गप्प बसत नाहीत.

साम्रदला सांदण दरी आहे, दोन कातळभिंतींमधली खोल चीर. पावसाळ्यात तिच्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, तेव्हा लांबूनच नमस्कार. पुढे रतनवाडी. मघाशी गोंदेश्वराचे शिखर ध्यानात ठेवायला सांगितले ते यासाठी. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आकाराने लहान, पण शिखराची घडण त्याच जातीची. या घडणीला भूमिज म्हणतात : छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी रचत मोठे शिखर चढवत नेलेले. पाचशे मिलिमीटरच्या सिन्नरात एक, चार-पाच हजार मिलिमीटरच्या रतनवाडीत दुसरे. आपले कोरडे, उन्हात तापलेले. हे शेवाळलेले, ओले, खांबाला हात लावला तर हात भिजतो. शेजारी पुष्करणी, तिच्या भिंतींत देवकोष्ठे आणि मूर्ती. मंदिराच्या मागे रतनगड, माथ्यावर आरपार भोक पडलेले नेढे. त्या डोंगरात प्रवरेचा उगम. मंदिराजवळून वाहते तेव्हा ती एवढीशी असते की लहान पोर उडी मारून पार करील.

हाच तो "सगळ्यात वरचा." तात्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, नदीत उतरून तोंडावर पाणी मारले आणि बराच वेळ तिथल्या दगडावर बसून राहिले. आम्ही हाका मारल्या तेव्हा उठले.

शेंडीहून राजूरकडे निघाल्यावर रंधा धबधबा लागतो. प्रवरा इथे पन्नासेक मीटर खोल घळीत कोसळते. काठावर घोरपडादेवीचे देऊळ. नदीचे पाणी वीजनिर्मितीसाठी फिरवले जात असल्याने धबधबा पावसाळ्यात किंवा विसर्ग असतानाच भरात असतो. आमचे नशीब चांगले. तुषारांनी कपडे ओले झाले.

याच टापूतले देवगाव हे राघोजी भांगऱ्यांचे गाव. सावकार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध महादेव कोळ्यांचे बंड उभे करणाऱ्या या माणसाला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. अठराशे सत्तावनच्या नऊ वर्षे आधी. शाळेत आपल्याला हे कोणी शिकवले नव्हते.

राजूरच्या अलीकडे-पलीकडे नदी दिसत नाही, निळवंड्याचा फुगवटा दिसतो. या धरणाची कल्पना १९७० सालची. कालव्यात चाचणीचे पाणी आले ते ३१ मे २०२३ ला, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झाले. त्रेपन्न वर्षे! ज्यांनी पहिल्या मोर्चात घोषणा दिल्या त्यांच्या नातवांच्या शेताजवळून पाणी गेले. लाभक्षेत्रातल्या १८२ गावांत आपल्या सिन्नर तालुक्यातलीही काही गावे आहेत, तेव्हा तिकडच्या सभासदांनी हे धरण एकदा डोळ्यांनी बघून यावे. बघताना एवढे मनात असू द्यावे की पाण्याखाली गेलेली भातखाचरे कोणाची तरी होती.

राजूर सोडले आणि खोरे रुंदावले. पाऊस थांबला, ऊन पडले, हवा कोरडी लागू लागली. अकोल्याच्या अलीकडे पहिला उसाचा फड दिसला तेव्हा गाडीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, परगावी आपल्या गावचे माणूस भेटावे तसा. अगस्ती कारखान्याच्या परिसरातले ऊस बघितले. बहुतेक को ८६०३२, कांडी चांगली, सरी मोठी. एका ठिकाणी ठिबकावरचा प्लॉट होता, तिथे उतरून नळ्या बघितल्या, मालकाशी बोललो. एकरी टनेज त्याने सांगितले ते इथे छापत नाही. तात्यांना ते पटले नाही आणि वाद होता होता राहिला.

अकोल्याहून देवठाणवरून आढळेच्या काठाकाठाने वर आलो. टाहाकारीला जगदंबेचे जुने कोरीव मंदिर आहे, उन्हे कलताना पोचलो म्हणून दर्शन घाईत झाले. याच भागातले कोंभाळणे हे बीजमाता राहीबाई पोपेरे यांचे गाव. देशी वाणांची बियाणे गाडग्या-मडक्यांत राखून ठेवण्याचे त्यांचे काम आता साऱ्या देशाला ठाऊक आहे, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुढच्या वेळी त्यांची बियाणे बँक पाहायचा आमचा बेत आहे. डावीकडे पट्टा किल्ल्याची लांबलचक रांग आणि तिच्यावर पवनचक्क्या. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज या किल्ल्यावर विसावले, म्हणून तो विश्रामगड. रस्ता पट्ट्याच्या कुशीतून ठाणगावला उतरतो आणि आपण सिन्नर तालुक्यात येतो. म्हाळुंगी आपल्या याच डोंगराळ भागातली, तिच्यावर पुढे भोजापूरचे धरण. उतरताना पुन्हा तीच गंमत, पण उलटी : आधी भात, मग नागलीचे एखादे वावर, मग बाजरी, मग बाभळी. डुबेरे आले तेव्हा अंधार पडला होता. पहिल्या बाजीरावाचा जन्म इथला, १७०० सालचा. दिव्यांच्या उजेडात बर्व्यांच्या वाड्याची दिशा एकमेकांना दाखवली आणि पुढे निघालो.

ठाणगाव ते डुबेरे या तुकड्यात गाडीत एक हिशेब झाला, तो जसा झाला तसा देतो. तात्यांनीच सुरू केला.

"पाटपाण्यावरच्या उसाला हंगामात पाणी किती लागतं रे?" त्यांनी डिप्लोमावाल्या पोराला विचारले.

"दोन ते अडीच हजार मिलिमीटर, तात्या."

"दोनच धर. त्यातनं आपला पाऊस पाचशे वजा कर. उरलं दीड हजार. एका एकराला लिटर किती झाले?"

पोराने मोबाईलवर गणित केले. "साठ लाख लिटर."

"हंडा किती लिटरचा?"

"पंधरा धरू."

"मग?"

"चार लाख हंडे."

"त्या मावशीच्या घरी दिवसाला दहा हंडे लागतात समज. किती दिवस झाले?"

"चाळीस हजार." पोर जरा थांबले. "तात्या, एकशे नऊ वर्षं."

कोणी तरी म्हणाले, घाटघरचे पाणी काही आपल्याकडे येत नाही, ते प्रवरेला जाते, आपले पाणी दारणा-कडव्याचे. म्हणणे बरोबर होते. तात्या म्हणाले, "हंडा घाटघरचा काय आणि वासाळीच्या वरचा काय." कोणी असेही म्हणाले की आपण ऊस नाही लावला तर ते पाणी काही डोंगर चढून त्यांच्याकडे जाणार नाही, त्यांना वर साठवण पाहिजे, टाक्या पाहिजेत, पंप पाहिजे. तेही बरोबर. ठिबकावर निम्म्याच्या आसपास पाणी वाचते हाही मुद्दा निघाला, आणि अनुदान मिळायला किती खेपा घालाव्या लागतात हा त्यापुढचा. डुबेरे येईपर्यंत वाद चालू होता, मिटला नाही. आम्ही लिहिणारेही सहा जणांतलेच, आमचेही एकमत नाही. आम्हाला एवढेच दिसले की सकाळी "वरच्यां"ना शिव्या देत निघालेला माणूस संध्याकाळी भलताच हिशेब करीत होता.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. पहाटेच निघावे, नाहीतर रतनवाडीला अंधार होतो. डिझेल-पेट्रोल सिन्नरलाच भरून घ्यावे, घाटघर-साम्रद भागात पंपाचा भरवसा नाही. शनिवार-रविवार टाळावा, भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. गाडी उंच असावी, लहान मोटारीचा पत्रा घासतो. अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, ती जपून ठेवावी. जेवण वाडीतल्या घरी आदल्या दिवशी फोन करून सांगावे, तेवढेच चार पैसे त्यांना मिळतात आणि जेवणही हॉटेलपेक्षा चांगले. प्लॅस्टिक तिकडे टाकून येऊ नये. आणि पावसात सांदण दरीत उतरू नये, हे पुन्हा एकदा लिहितो.

आम्ही पुन्हा जाणार आहोत, पट्टा पडल्यावर, चैत्रात. तात्यांनीच ठरवले आहे आणि मावशींना तसा निरोपही धाडला आहे. या वेळी त्यांची सूनबाई आणि नातूही बरोबर येणार. गाडीत दोन जागा शिल्लक आहेत, यायचे असेल त्यांनी कारखान्यावर शेतकी विभागात नाव द्यावे.